पदवी परत घेता येते काय?

आपल्या धर्मग्रामातील एखाद्या मुलाला वा मुलीला डॉक्टरेट मिळाली, की मिस्सेनंतर सत्कार होतो. त्या दिवसापासून नावामागे लागलेले ‘डॉ.’ हे अक्षर जन्मभराचे, असे आपण सारेच गृहीत धरतो. या समजुतीची कसोटी सूक्ष्म इलेक्ट्रॉनिकीच्या क्षेत्रातील एका प्रकरणात लागली.

यान हेंड्रिक श्योन याने १९९७ साली जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली आणि पुढे तो अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दाखल झाला. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा जन्म झाला तो याच संस्थेत. सिलिकॉनऐवजी सेंद्रिय रेणूंचे ट्रान्झिस्टर केल्याचे त्याचे शोधनिबंध येऊ लागले. २००१ साली तर सरासरी दर आठ दिवसांना एक! विद्युत्प्रवाह मोजताना आलेखात बारीक, अनियमित कंप येतोच. तो दोन वेगळ्या प्रयोगांत तसाच्या तसा उमटणे अशक्य. श्योनच्या आलेखांत तो उमटला होता आणि २००२ मध्ये इतर संशोधकांच्या ते ध्यानी आले. चौकशी समितीने मूळ नोंदी मागितल्या, तेव्हा प्रयोगांची रीतसर नोंदवही नव्हती. संगणकातील मूळ माहिती जागेअभावी पुसली, असे उत्तर मिळाले. चोवीस आरोपांपैकी सोळांत गैरवर्तन सिद्ध झाले. चुका झाल्याचे त्याने मान्य केले. परिणाम मात्र आपण खरेच पाहिले, असे तो म्हणत राहिला.

२००४ मध्ये कॉन्स्टान्झने त्याची पीएच.डी. काढून घेतली. खरा पेच येथे आहे, कारण पदवीच्या प्रबंधात खोटेपणा सिद्ध झालेला नव्हता. प्रामाणिकपणे घेतलेली वाडी, मालकाने पुढे चोरी केली म्हणून, कोणी त्याच्या नावावरून उतरवीत नाही. २०१० साली एका न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिलाही; पण वरच्या न्यायालयांनी, अखेर २०१४ साली घटनापीठानेही, विद्यापीठाचा निर्णय कायम ठेवला.

आम्हांला तो न्याय्य वाटतो. गुरुदीक्षेचा ठसा अमिट असतो, अशी आपली श्रद्धा आहे. धर्मगुरू पदच्युत झाला तरी तो पुसत नाही. तो ठसा देवाच्या देण्याचा आहे. विद्यापीठाची पदवी ही माणसांनी माणसाविषयी दिलेली ग्वाही. संशोधक विद्यार्थी वर्षानुवर्षे सिलिकॉनच्या चकत्यांवर सूक्ष्म रचना कोरतो, बहुतेक बिघडतात. बिघडलेल्याचीही नोंद तारीखवार करायची, नकोसा आकडा खोडायचा नाही, आणि हे सारे पाहायला शेजारी कोणी नसते. ‘याने लिहिलेला आकडा खरा माना’ एवढेच पदवी जगाला सांगते. ही ग्वाही खोटी ठरल्यावर ती चालू ठेवणे म्हणजे विद्यापीठानेच आठवी आज्ञा मोडणे होय.

मग क्षमेचे काय? पापनिवेदनात क्षमा मिळते, आणि ती पूर्ण असते. तरी अफरातफर केलेल्या खजिनदाराच्या हाती पतपेढीच्या किल्ल्या आपण पुन्हा देत नाही, आणि त्यात कोणाला क्रौर्य दिसत नाही. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याची तयारी दाखविली. त्याला ते शक्य होते, कारण देणे पैशांचे होते. श्योनचे प्रयोग करून पाहण्यात जगभरच्या प्रयोगशाळांतील तरुणांचे महिने, कोणाची वर्षेही गेली. उपकरण चालेना, तेव्हा दोष आपल्याच हाताचा, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. ही भरपाई कोणत्या नाण्यात करावी, हे आम्हांला उमगत नाही.

सहलेखकांना समितीने गैरवर्तनातून मुक्त केले. इतक्या अद्भुत निष्कर्षांची ज्येष्ठ सहलेखकाने पुरेशी झडती घेतली होती काय, हा प्रश्न तिने अहवालात उपस्थित करून ठेवला, एवढेच. निबंधांवरील नावे सर्वांची होती. पदवी एकाचीच गेली.