पाचाडचा वाडा

बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तेथे शेतात घट मांडतात. घटाभोवती अठरा प्रकारची धान्ये वर्तुळाकार ठेवली जातात आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला जाणती मंडळी जाऊन पाहतात : कोणते धान्य जागचे हलले, कोणते विखुरले, मातीची ढेकळे किती भिजली. त्यावरून पाऊसपाण्याचे आणि पिकाचे भाकीत सांगितले जाते. ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी लोटतात. या भाकिताच्या बाजूने शास्त्राचा कौल नाही, हे मला ठाऊक आहे. तथापि त्या पाहण्यातली निष्ठा मला मोलाची वाटते. तिळाचा एक दाणा जागचा हलला तर तो पहाटे उठून पाहणारी माणसे आपण. आणि आपल्याच घरात आईचा सगळा दिवस जागचा हलला, तरी तो आपल्या ध्यानात येत नाही!

वार्धक्य सहसा एका दिवशी येत नाही. त्याच्या खुणा लहान असतात आणि त्या घरातच उमटतात. जन्मभर जिची भाकरी कधी करपली नाही, तिची भाकरी करपू लागते. महिना संपला तरी गोळ्यांची पाकिटे भरलेलीच राहतात. वाण्याचे पैसे दोनदा दिले जातात आणि विजेचे एकदाही नाही. वरच्या फळीवरची भांडी एकेक करून खाली ओट्यावर येतात. न्हाणीघराच्या वाटेवर चुन्याच्या भिंतीला, हाताच्या उंचीवर, एक मळकट पट्टा उमटतो. कारण भिंत धरल्यावाचून आता तेवढी चार पावले टाकवत नाहीत. वडील पारावर जायचे सोडतात आणि सांगतात, 'आता तिथे बोलण्यासारखे उरले आहे कोण?'

यांतली एकेक खूण वेगळी घेतली, तर तिला उत्तर आहे. भाकरी कोणाचीही करपते, पाराचा कंटाळा कोणालाही येतो. परंतु चार खुणा एकत्र आल्या, आणि त्या गेल्या दिवाळीला नव्हत्या, म्हणजे ती उत्तरे पुरत नाहीत. येथे शेजारच्या म्हाताऱ्याशी तुलना करून उपयोग नाही. आपल्या आईची तुलना तिच्याच कालच्या स्वरूपाशी करावी लागते. आणि ते कालचे स्वरूप तिच्या मुलांइतके दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

या ठिकाणी एक सावधगिरी हवी. 'वय झाले' हे दोन शब्द फार सोयीचे आहेत. ज्याला आपण वय म्हणतो, ते पुष्कळदा मोतीबिंदू असते, कानांचे मांद्य असते, थायरॉइडचा बिघाड किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असते. कधी दोन औषधे एकमेकांशी जमत नसतात, कधी जोडीदार गेल्यानंतरची उदासी शरीरात उतरलेली असते. यांतल्या बहुतेकांवर उपाय आहेत. म्हणून ओळखणे याचा अर्थ आईला म्हातारी ठरवून मोकळे होणे असा नव्हे. ओळखण्याची पहिली वाट डॉक्टरांकडे जाते.

मग आपल्याला हे दिसत का नाही? एक कारण उघड आहे. घाटावरच्या आणि घाटाखालच्या गावांतली तरुण मुले पोटासाठी पुण्यामुंबईला, सुरतेला गेली. पूर्वी घरात दहा माणसे असत आणि त्यांतले कोणी ना कोणी पाहत असे. पाहण्याचे काम घर आपोआप करी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर दहा माणसांत जवळजवळ एक साठी ओलांडलेला होता, आणि त्यांच्यापैकी कितीतरी घरांत आता दोघेच, किंवा एकटेच माणूस राहते. मुलगा मलकापूरला नाही तर शेगावला गाडीतून उतरतो तो दिवाळीला. त्या चार दिवसांसाठी आईने महिनाभर बळ साठवलेले असते. घर सारवलेले, डबे भरलेले, लुगडे नवे. सणाचे दिवस हे दुखणे झाकण्याचे दिवस असतात. आणि नेमके तेच आपल्या वाट्याला येतात.

दुसरे कारण अधिक खोल आहे. दिसले की करावे लागते. म्हणून डोळे पाहतात आणि मन नोंद घेत नाही. याला दुष्टपणा म्हणता येणार नाही. आईबाप थकले असे कबूल करणे म्हणजे आपल्या डोक्यावरचे छप्पर आता आपणच झालो, हे कबूल करणे होय. त्याला वेळ लागतो.

परंतु तिसरे कारण असे आहे की, ते सद्गुणाच्या वेषात येते, आणि खरा नैतिक प्रश्न तेथेच आहे. आपण म्हणतो, 'त्यांच्या स्वातंत्र्यात मी ढवळाढवळ करीत नाही. त्यांना मदत नको आहे.' आणि ते खोटे नसते. विचारायला जावे तर आई म्हणते, "मले काय धाड भरली?" ती हे उगाच म्हणत नाही. तिने गावात पाहिले आहे. एकदा हातात काठी आली की दुसऱ्याच्या हातात कपाटाची किल्ली जाते. मग चूल जाते, मग शेताच्या गोष्टी तिच्यामागे बोलल्या जातात. मदत घरात येते, आणि पुष्कळदा तिच्या पाठोपाठ हुकूमत येते. म्हणून ती न्हाणीत पडलेली सांगत नाही. ती पडणे लपवीत नाही. ती आपली सत्ता राखीत असते. शहाण्या माणसाला आपल्या घरात, आपल्या जोखमीवर राहण्याचा हक्क आहे, आणि तो साठीनंतर संपत नाही.

मग पाहूनही गप्प बसावे काय? मला वाटते, या युक्तिवादात एक गोष्ट निसटते, ती म्हणजे काळ. वेळेवर ओळखले तर आईच्या हाती अजून निवड असते. कामाला बाई ठेवायची तर कोणती, न्हाणीत धरायला दांडी कुठे बसवायची, रात्री सोबतीला कोणी यावे की नको, थोरल्याकडे जायचे की धाकटीकडे, की कुठेच नाही; हे ती ठरवू शकते. उशिरा ओळखले म्हणजे काय होते? ओल्या फरशीवर पाय घसरतो, मांडीचे हाड मोडते, आणि इस्पितळाच्या ओसरीवर उभे राहून मुले फोनवर तिच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल लावतात. त्या वेळी तिला कोणी विचारीत नाही. विचारायला सवड नसते. ज्या स्वातंत्र्याचा मान राखण्यासाठी आपण डोळे मिटले, ते स्वातंत्र्य आपल्या डोळे मिटण्यानेच गेले. लवकर पाहणे हा मानाचाच भाग आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

या जिल्ह्याच्या एका लेकीची कथा येथे आठवावी. घाटावरच्या सिंदखेडराजात १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला. उतारवयात त्या रायगडाच्या परिसरात होत्या. गड उंच, वारा बोचरा. तो त्यांना मानवेना, म्हणून शिवाजीमहाराजांनी गडाच्या पायथ्याशी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला, असे परंपरा सांगते. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला जिजाऊंनी पाचाडलाच देह ठेवला. त्यांची समाधी आणि वाड्याचे अवशेष तेथे आजही पाहायला मिळतात.

राज्य उभे करण्याच्या धामधुमीतल्या मुलाला आईला वारा सोसत नाही हे दिसले, एवढीच गोष्ट पुरेशी आहे. पण केलेला उपाय त्याहून बोलका आहे. आईने गडावरच राहावे असा हट्ट नाही, आणि वय झाले म्हणून तिची दूर कुठे रवानगीही नाही. गड आपल्या जागी राहिला आणि आईसाठी पायथ्याशी दुसरे घर झाले. ती अडगळीची खोली नव्हती. तो वाडा होता, आणि त्या वाड्याच्या धनीण जिजाऊ होत्या. आधार जवळ, पण मालकी त्यांची. आपल्यापैकी कोणाला वाडा बांधणे परवडणार नाही. मात्र त्यातली वृत्ती परवडण्यासारखी आहे. अंथरूण माडीवरून खाली आणणे हाही पाचाडचाच वाडा आहे, जर ते कोणत्या खोलीत घालायचे हे वडिलांनी सांगितले असेल तर.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हा विचार लंगडा राहील. आपल्याकडे पुष्कळदा मुलगा ओळखतो आणि सून राबते. ओळखण्याचे पुण्य एकाच्या नावावर आणि रात्रीची जाग्रणे दुसरीच्या नावावर, ही वाटणी न्यायाची नव्हे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलाप्रमाणे मुलीवरही टाकली. २००७ च्या कायद्याने निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार धरले आणि त्यासाठी न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद केली. कायदा चांगला आहे. परंतु त्याच्या दारी बहुधा आईबापांनाच मागायला जावे लागते, आणि आपल्या पिढ्यांतले आईबाप मागत नाहीत. जे मागितले जात नाही ते पाहणे, हे काम कायद्याला जमणारे नाही. ते भावंडांचे आहे, आणि ते सर्वांनी मिळून, पैशांचे, वेळेचे आणि जाग्रणांचे वाटे ठरवून करायचे आहे.

दिवाळीसाठी सारी भावंडे एका छपराखाली येतात, तो दिवस यासाठी बरा. पाडव्याला ओवाळणे झाले, फराळाची ताटे उचलली गेली, की आईच्या मागे कुजबुज करण्याऐवजी तिच्यासमोर बसावे. 'तुला आता जमत नाही' असे म्हणू नये. 'तुला कोणते काम स्वतःच्याच हाताने करायचे आहे, आणि कोणते दुसऱ्याने केले तर बरे वाटेल?' असे विचारावे. पहिल्या वेळी ती हसून उडवून लावील. मग दोन दिवस राहून, तिच्याबरोबर चुलीपाशी बसून, पुन्हा विचारावे.