खेळांतलें पाप

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या हातून एक बालहत्या होतां होतां राहिली. हत्या खरी नव्हती. ज्यांची व्हावयाची तीं मुलेंहि खरीं नव्हतीं. आणि ज्या गुहेंत ती व्हावयाची ती गुहा आमच्या जेवणाच्या टेबलावर, चौकटीच्या कागदावर शिसपेन्सिलीनें काढलेली होती. तरीहि त्या रात्रीं मला स्वस्थ झोंप लागली नाहीं. महाविद्यालयांत पंचवीसएक वर्षें नीतिशास्त्र शिकविल्यावर माणसाला आपल्या सदसद्विवेकबुद्धीविषयीं थोडा फाजील विश्वास वाटूं लागतो. त्या विश्वासाला एका पोरखेळानें धक्का दिला, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी मुलगी सुटीसाठीं घरीं आली होती, आणि तिच्याबरोबर तिच्या वर्गांतली चारपांच जणांची मंडळी. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं ही मंडळी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ मांडून बसे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही २०१६ सालीं सुरू झालेली अमेरिकन मालिका ज्यांच्या घरांत पाहिली गेली असेल त्यांना हें नांव ठाऊक असेल. तींतलीं चार मुलें पहिल्याच भागांत तळघरांत बसून हाच खेळ खेळतांना दिसतात, आणि पुढें जो राक्षस त्यांच्या वाट्याला येतो त्याला तीं नांवहि या खेळांतलेंच देतात. या खेळाला ठराविक पट नाहीं. सोंगट्या असल्या तरी चालतात, नसल्या तरी चालतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. सूत्रधार प्रसंग सांगतो, “समोर बंद दार आहे, आंतून कुजबुज ऐकूं येते,” आणि विचारतो, “काय करतां?” ज्या कृतीचें यश संशयास्पद असेल तिच्यासाठीं वीस पृष्ठांचा फासा टाकावयाचा, एरवीं सारें बोलण्यांतूनच चालतें. या खेळांत कोणी जिंकत नाहीं, आणि तो सहसा संपतहि नाहीं. एका रात्रीं त्यांतला एक मुलगा तापानें झोंपला, आणि “काका, तुम्ही बसा ना त्याच्या जागीं,” असा आग्रह झाला. त्याचें पात्र म्हणजे एक वृद्ध धर्मोपदेशक होता. वयाला शोभेल असें वाटून मी बसलों.

हा खेळ युद्धाच्या खेळांतून जन्मला हें येथें सांगितलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांना डावपेंच शिकविण्यासाठीं नकाशा आणि फासे यांवर चालणारा एक खेळ निघाला. १९१३ सालीं एच्. जी. वेल्स यानें खेळण्यांतल्या शिपायांच्या लढायांचे नियम पुस्तकरूपानें छापले. पुढें अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांत असे खेळ खेळणारीं मंडळें निघालीं, आणि त्यांपैकीं मिनेसोटांतील डेव्ह आर्नसन व विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा गांवचा गॅरी गायगॅक्स या दोघांनीं १९७४ च्या आरंभीं हा नवा खेळ पेटींत घालून विकावयास काढला. पहिली आवृत्ति हजार प्रतींची. त्यांनीं केलेला फरक दिसावयास लहान होता. पूर्वीं खेळणारा पलटणी हलवीत असे, आतां तो एकच माणूस हलवूं लागला. पलटण मेली तर खेळणारा नुसता हिशेब बदलतो. हा एक माणूस मेला तर वीस वर्षांचे मुलगे गप्प होऊन उठून जातात, हें मीं या डोळ्यांनीं पाहिलें आहे.

तर त्या रात्रीं आमच्या टोळीनें गॉब्लिन नांवाच्या ठेंगण्या, लुटारू जमातीची एक गुहा मारली. लढणारे मेले. आंतल्या खोलींत पाहतों तों पांचसहा पोरें एका कोपऱ्यांत दाटीवाटीनें बसलेलीं. आतां यांचें काय करावयाचें? योद्धा म्हणाला, सोडून देऊं. चोर म्हणाला, मोठीं होऊन हींच गांव लुटतील. मग सर्वांनीं धर्मोपदेशकाकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलें. टेबलावर प्राण्यांच्या माहितीचें एक जुन्या आवृत्तीचें पुस्तक पडलें होतें. तें मीं चाळलें. गॉब्लिनच्या नांवाखालीं त्याच्या नीतीच्या रकान्यांत ‘दुष्ट’ असें स्पष्ट छापलें होतें. “ग्रंथांतच यांची जात दुष्ट म्हणून लिहिली आहे,” मी म्हणालों, “मग प्रश्न उरतो कोठें? संपवा.” हें मी अगदीं सहज, एखाद्या परिपत्रकाचा अर्थ सांगावा तसें बोललों. सूत्रधार माझी मुलगीच होती. तिनें हातांतला फासा खालीं ठेवला आणि विचारलें, “बाबा, हें तुमचा धर्मोपदेशक म्हणतो आहे कीं तुम्ही?”

“अगं, तो म्हणतो आहे,” मीं हसत उत्तर दिलें. इतरांनीं माझें ऐकलें नाहीं म्हणून पोरें वाचलीं. पण मीं दिलेलें उत्तर खोटें होतें, हें अंथरुणावर पडल्यावर माझ्या ध्यानांत आलें.

१९१९ सालीं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलें तेव्हां गणपतराव बोडस सुधाकराची भूमिका करीत. सुधाकराच्या हातून जें जें घडतें त्याचा डाग बोडसांना लागला नाहीं, लागण्याचें कारणहि नव्हतें. शब्द गडकऱ्यांचे, कृति सुधाकराची, आणि नटाचें काम तीं प्रेक्षकांपर्यंत पोंचविण्याचें. वाचकाचीहि तीच गोष्ट. मॅक्बेथबरोबर आपण डंकनच्या दारापर्यंत जातों, पण खंजीर उचलूं कीं नको, असें आपणांस कोणी विचारीत नाहीं. माझ्या धर्मोपदेशकाचें तसें नव्हतें. त्याचें सारें चरित्र अर्ध्या कागदावर मावत होतें: नांव, वय, सहा गुणांचे आंकडे आणि चार मंत्र. पोरांना मारा, असें म्हणावयास त्याला कोणा नाटककारानें शिकविलें नव्हतें. तें वाक्य रचलें मीं. कागदावर जें नव्हतें तें सारें माझ्या पदरचें होतें.

सेंट ऑगस्टिन यानें आपल्या आत्मनिवेदनांत एक प्रांजळ शंका काढली आहे. जागेपणीं ज्याचा मी त्याग केला तें स्वप्नांत माझ्याकडून होतें. मग त्या वेळीं मी मी नसतों काय? स्वप्नाला निदान झोंपेची सबब आहे. खेळ हा पुरता जागेपणींचा व्यवहार. प्लेटोला तर अनुकरणाचीच भीति वाटे. हीनांचें सोंग लहानपणापासून घेत राहिल्यास तें अंगवळणीं पडून स्वभाव बनतें, असें तो ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागांत सांगतो. वर्गांत हा भाग मीं अनेकदां मोठ्या अनुमोदनानें शिकविला आहे. पण त्या टेबलापाशीं बसल्यावर तो मला पुरता पटेना. चोराचें सोंग घेणारी मुलगी त्या मंडळींत सर्वांत प्रामाणिक होती. बशींतली शेवटची चकलीसुद्धां ती विचारल्याशिवाय उचलीत नसे. खेळांत चोरी करतांना आपण चोरी करीत आहों हें तिला ठाऊक असे, आणि तिच्या सोंगाची सारी गंमत त्या जाणिवेंत होती. दुष्टाचें सोंग घेणाऱ्याचा विवेक जागा असावा लागतो, नाहींतर सोंग वठतच नाहीं. माझा धर्मोपदेशक दुष्ट नव्हता. त्याच्या कागदावर ‘सज्जन’ असा शिक्का होता, आणि मुलांच्या हत्येचा सल्ला देतांना तो सज्जनच आहे असें मला वाटत होतें. घोटाळा येथें आहे.

हे शिक्के या खेळांत आले कोठून? गायगॅक्सनें १९७९ सालीं सूत्रधारासाठीं लिहिलेल्या ग्रंथाच्या शेवटीं एक यादी जोडली आहे; ‘परिशिष्ट एन्’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. ज्यांच्या कथाकादंबऱ्यांतून स्फूर्ति घेतली त्या लेखकांचीं नांवें तींत आहेत: रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, लव्हक्रॅफ्ट, पोल अँडर्सन, मायकेल मूरकॉक, टोल्किन वगैरे. यांतले कित्येक स्वस्त कागदाच्या, भडक मुखपृष्ठांच्या मासिकांतून पुढें आले. विद्वानांनीं नाकें मुरडावीं असेंच तें वाङ्मय. पण त्यांतून या खेळानें केलेली उचल मोठी मौजेची आहे. मंत्र एकदां म्हटला कीं मांत्रिकाच्या स्मरणांतून तो पुसला जातो, ही व्हान्सची कल्पना. ज्याच्या जखमा आपोआप भरून येतात तो राक्षस अँडर्सनचा. आणि विश्वांत ‘नियम’ व ‘अंदाधुंदी’ या दोन शक्तींचें युद्ध चाललें आहे, ही कल्पना अँडर्सन व मूरकॉक यांची. १९७४ च्या पेटींत नियमाचे, अंदाधुंदीचे आणि तटस्थ असे तीनच पक्ष होते. पुढच्या चारपांच वर्षांत त्याला सज्जन आणि दुष्ट या भेदाची जोड मिळून नऊ खणांची चौकट तयार झाली. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्यें प्रत्येक प्राण्याचा आकार, वेग आणि बळ यांच्या रांगेंतच त्याचा नैतिक खणहि छापलेला आहे. नीति ही उंचीसारखी मोजून लिहितां येते, असा याचा अर्थ झाला.

टोल्किनची अडचण याहून खोल होती. तो श्रद्धाळु कॅथॉलिक होता. दुष्ट शक्तीला नवें कांहीं निर्माण करतां येत नाहीं, असलेलें केवळ बिघडवितां येतें, ही त्याची श्रद्धा. मग त्याचे ऑर्क हे बिघडविलेले कोणी तरी असले पाहिजेत, आणि बिघडविलेल्याला उद्धाराचा मार्ग अगदींच बंद कसा असेल? या प्रश्नाभोंवतीं तो उतारवयापर्यंत घोटाळत राहिला. एकच एक पक्कें उत्तर त्याला सांपडलें नाहीं. खेळानें त्याचे ऑर्क घेतले आणि त्याची अस्वस्थता मागें ठेवली.

या खेळावर अमेरिकेंत गिल्ला झाला नाहीं असें नाहीं. १९७९ सालीं मिशिगनमधला एक विद्यार्थी नाहींसा झाला, आणि खऱ्या कारणांचा पत्ता लागण्यापूर्वींच वर्तमानपत्रांनीं खेळाला आरोपी केलें. त्यावर कादंबरी निघाली, १९८२ सालीं दूरचित्रवाणीवर चित्रपट निघाला, धर्मभीरु मंडळींनीं मंत्र आणि सैतान यांविषयीं हाकाटी केली. ज्या रकान्यांत सबंध जमातीला दुष्ट म्हटलें होतें त्याकडे त्या गलबल्याचें लक्ष गेलें नाहीं.

१९८० च्या सुमारास गायगॅक्सनें नवशिक्यांसाठीं ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हें लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांतल्या गुहांत लढवय्यांबरोबर त्यांच्या बायका व पोरेंहि मोजून दिलीं आहेत, आणि पोरें हल्ला करीत नाहींत अशी नोंद आहे. त्यांचें काय करावें तें सांगितलेलें नाहीं. आमच्या टेबलावरचा वाद त्याआधीं किती टेबलांवर झाला असेल! २००५ सालीं अशाच एका प्रश्नाला उत्तर देतांना गायगॅक्सनें मारणाऱ्याची बाजू घेतली, आणि लिखांच्याच उवा होतात, अशा अर्थाच्या म्हणीचा आधार दिला. ही म्हण कर्नल चिव्हिंग्टनच्या नांवाशीं जोडलेली आहे. हा तोच चिव्हिंग्टन, ज्याच्या फौजेनें २९ नोव्हेंबर १८६४ रोजीं कोलोरॅडोंतील सँड क्रीक येथें शायेन व अरापाहो लोकांच्या तळावर चालून जाऊन बायकामुलांसुद्धां कत्तल केली. हें वाचलें तेव्हां आमच्या गुहेंतलीं पेन्सिलीचीं पोरें मला एकाएकीं निराळीं दिसूं लागलीं.

आणि अमेरिकेकडे बोट दाखवून माझी सुटका होत नाहीं. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ केला. १९११ च्या कायद्यानें त्याची व्याप्ति देशभर वाढली. १९५२ सालीं तो रद्द झाला. पोर कोणत्या जमातींत जन्मलें एवढ्यावरून त्याच्या कपाळीं गुन्हेगारीचा शिक्का बसे. सोलापूरला या लोकांसाठीं तारेच्या कुंपणाची वसाहतच होती. माझ्या लहानपणीं, म्हणजे कायदा जाऊन पंचवीसएक वर्षें लोटल्यावरहि, गांवाबाहेर पारध्यांचीं पालें पडलीं कीं घरोघरचीं मोठीं माणसें रात्रीं दारांच्या कड्या दोनदोनदां तपासून पाहत. माझे वडील त्यांतलेच एक होते. त्यांच्याइतका सालस माणूस मीं पाहिला नाहीं. त्यांच्यापुढें कोणतेंहि पुस्तक उघडें नव्हतें. रकाना त्यांना पाठ होता. मला वाटतें, त्या रात्रीं टेबलापाशीं मीं जें पान उघडलें तें मलाहि आधींच पाठ असावें.

जून २०२० मध्यें या खेळाच्या प्रकाशकांनीं जाहीर केलें कीं, यापुढें ऑर्क वगैरे लोक इतरांइतकेच नैतिक व सांस्कृतिक दृष्ट्या गुंतागुंतीचे दाखविले जातील. २०२४ च्या पुस्तकांत तर कोणाहि खेळाडूला ऑर्क होतां येतें. यावर जुने खेळाडू नाराज झाले. दिवसभर कामानें पिचलेल्या माणसाला रात्रीं मित्रांबरोबर दोन घटका निर्वेध तलवार चालवावीशी वाटली, तर त्याच्यापुढें नीतिशास्त्राचा तास कशाला मांडतां, असें त्यांचें म्हणणें. तें मला हास्यास्पद वाटत नाहीं. तास घेणाराच मी असल्यामुळें तो किती कंटाळवाणा होऊं शकतो हें मी जाणतों. अशा माणसानें खुशाल हाडांच्या सांपळ्यांशीं लढावें, त्यांना पोरेंबाळें नसतात. परंतु छापील शिक्का बदलल्यानें काम भागेल असेंहि मला वाटत नाहीं. ‘दुष्ट’ हा शब्द मीं जितक्या बिनविचारानें वाचला तितक्याच बिनविचारानें ‘गुंतागुंतीचा’ हा शब्दहि मला वाचतां आला असता. आमच्या टेबलावर पोरें वाचलीं तीं जुनें पुस्तक उघडें असतांना वाचलीं.

दुसऱ्या दिवशीं तापकरी मुलगा उठून बसला, पण मी खुर्ची सोडली नाहीं. त्याला दुसरें पात्र करून दिलें. पोरांना डोंगरापलीकडच्या त्यांच्या नातलगांकडे पोंचवावें असें टोळीनें ठरविलें, आणि सर्वांत धाकटें पोर धर्मोपदेशकानें पाठुंगळीला घेऊन चालावें, असें सूत्रधारानें फर्माविलें. पोर चावतें. तें काय खातें हें पुस्तकांत कोठेंहि दिलेलें नाहीं; मीं पुन्हा पुन्हा पाहिलें.

“बाबा, खिंडींत पहारेकरी आहेत,” माझी मुलगी म्हणाली, “आणि तें रडूं लागलें आहे. कसें गप्प करतां?”

मीं फासा टाकला. तीन पडले.