ते २७ जण

आमच्या कोल्हापुरात, सीपीआरमध्ये एचआयव्हीच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे ठामपणे सांगता येतं, त्यात एचपीटीएन ०५२ या चाचणीचा मोठा वाटा आहे. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, त्यांत पुण्यातलीही. निम्म्यांना गोळ्या लगेच, निम्म्यांना प्रतिकारशक्ती बरीच घटल्यावर. २०११ साली आकडे आले: जोडीदाराकडूनच लागण झालेले २८, त्यांतले २७ उशिराच्या गटातले. मग सगळ्यांनाच गोळ्या देऊ केल्या.

चाचणी सुरू झाली तेव्हा उपचारांचा नियमच थांबण्याचा होता. संमती घेतलेली, कंडोम दिलेले. खात्री कुणालाच नव्हती, म्हणून मी ही चाचणी योग्यच मानतो. फक्त त्या २७ जणांपैकी कुणी समोर बसलं, तर हेच वाक्य मला त्याच आवाजात म्हणता येणार नाही.