पाणी किती उंच चढतं?

मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ वैतरणेवर एक भिंत उभी आहे. उंची १०२.४ मीटर. इमारतीच्या हिशोबाने सांगायचं तर साधारण तीस मजले. मुंबई महापालिकेने बांधलेल्या या मध्य वैतरणा धरणाचं २०१४ मध्ये लोकार्पण झालं आणि मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी जादा मिळू लागलं. इथून सोडलेलं पाणी नदीतून खाली मोडक सागरात जातं आणि तिथून बोगद्यांतून, जलवाहिन्यांतून शहरात पोहोचतं. भिंतीमागे डोंगरांच्या घळींत शिरलेला जलाशय दिसतो. त्याच डोंगरांत वारली, कातकरी, ठाकर, कोकणा, महादेव कोळी यांचे पाडे आहेत. एप्रिल उजाडला की त्यांतल्या कितीतरी पाड्यांचे डोळे टँकरच्या रस्त्याकडे लागतात.

मुंबईत अतिउंच मनोऱ्याचा विषय निघाला की मला ही भिंत आठवते.

हा विषय वारंवार निघतो. चर्नी रोडजवळ सातशे मीटरहून उंच ‘इंडिया टॉवर’चं काम २०१० मध्ये सुरू झालं, दुसऱ्याच वर्षी थांबलं आणि पुढे प्रकल्पच रद्द झाला. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवरचा ‘वर्ल्ड वन’ हा निवासी मनोरा मूळ आराखड्यात ४४२ मीटरचा होता. विमान वाहतुकीच्या अटींमुळे तो २८० मीटरवर आला. २०१७ मध्ये तेव्हाचे केंद्रीय जहाजबांधणी मंत्री नितीन गडकरी यांनी बंदराच्या जमिनीवर बुर्ज खलिफाहून मोठी इमारत उभारण्याची कल्पना मांडली होती. तीनशे मीटरच्या वरच्या इमारतीला जगभर अतिउंच म्हणतात, आणि त्या यादीत आपलं नाव वर असावं असं प्रत्येक महानगराला वाटतं.

उंच बांधण्याला माझा विरोध नाही. मुंबई चिंचोळी आहे, तिन्ही बाजूंनी पाणी आहे. रेल्वे स्थानकाला लागून एका जागी वीस हजार माणसांची कार्यालयं रचली तर शहर पसरायचं थांबतं, खाडी आणि डोंगर वाचतात, लोकांचा प्रवास कमी होतो. ही बाजू खरी आहे. पण मनोरा जमिनीपासून वर मोजला की हिशोब पुरा होतो, हे मला पटत नाही. त्याच्या शेवटच्या मजल्यावरच्या नळाला येणारं पाणी जिथून निघतं, तिथून मोजणी सुरू व्हायला हवी.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत कार्यालयातल्या माणसामागे दिवसाला ४५ लिटर पाणी धरलेलं आहे. वीस हजार माणसांच्या मनोऱ्याला त्या मापाने रोज नऊ लाख लिटर लागतील, आणि वातानुकूलनाचं पाणी वेगळं. आता टँकरचं माप पाहा. टंचाईच्या काळात टँकरने दिल्या जाणाऱ्या पाण्याचा आपल्या राज्यातला जुना निकष आहे माणशी २० लिटर. म्हणजे घरी अंघोळ करून कार्यालयात आलेल्या माणसासाठी आठ-नऊ तासांचे ४५ लिटर, आणि पाड्यावरच्या बाईला स्वयंपाक, धुणं-भांडी, तान्ह्या मुलाची अंघोळ, पिणं, सगळं मिळून २०. टँकरच्या मापाने वाटले तर ते नऊ लाख लिटर ४५ हजार माणसांना पुरतील. २०११ च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची सगळी लोकसंख्या ८३ हजारांच्या आसपास होती.

ते वीस लिटर घरी कसे येतात, हेही सांगायला हवं. टँकर पाड्यापर्यंत चढत नाही. तो उतारावरच्या विहिरीपाशी थांबतो आणि पाइप विहिरीत सोडून मोकळा होतो. पाणी पडताना तळाचा गाळ ढवळून निघतो. काठावर बायका आधीपासून दाटीने उभ्या असतात. दोरीला बांधलेल्या बादल्या एकमेकींवर आपटतात, अर्धं पाणी कठड्यावर सांडतं. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं: चाळीस मिनिटांत विहीर पुन्हा कोरडी. मग चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, आणि चढ. माझ्या पुढे चालणारी पोर बारा-तेरा वर्षांची असेल. दर पन्नास पावलांवर ती थांबत होती, पण हंडा खाली ठेवत नव्हती. एकदा खाली ठेवला तर पुन्हा डोक्यावर चढवून द्यायला माणूस लागतो.

हा पावसाचा दुष्काळ नाही. जव्हार-मोखाड्यात चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ, वर मुरमाचा पातळ थर आणि जमीन तीव्र उताराची. पडलेलं पाणी थांबत नाही, नदीला मिळतं, आणि नदी धरणाला मिळते. पाणी खाली साठतं, माणसं वर राहतात. अडचण आहे ती एवढ्या चढाची.

पाणी वर चढवणं आता कुणालाच अवघड राहिलेलं नाही. अतिउंच इमारतीत दर काही मजल्यांवर टाक्या असतात, टप्प्याटप्प्याने पंप बसवलेले असतात, आणि तीनशे मीटरवरचा नळ फिरवला की पाणी येतं. हे ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांत मोखाड्याची माणसंही आहेत. खोडाळ्याच्या थांब्यावर कसाऱ्याची गाडी धरायला उभा असलेला एक तरुण मला भेटला होता. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की घरंच्या घरं इथून बाहेर पडतात. याला इथे ‘जगायला जाणं’ म्हणतात. कुणी भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, कुणी ठाण्या-कल्याणच्या नाक्यावर. तो सेंट्रिंगच्या कामावर होता. तेविसाव्या माळ्यावर पाणी पाइपाने चढतं आणि आमच्या टेकाडावर चढत नाही, एवढं त्याने सांगितलं, आणि गाडी आली. त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या माणसांसाठी कायदा आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यांनी बांधकाम खर्चाच्या एक ते दोन टक्के उपकर कामगार कल्याणासाठी घ्यायचं ठरवलं. मात्र लाभाला नोंदणी लागते आणि नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. दर आठवड्याला नाका आणि मुकादम बदलणाऱ्या माणसाला तो दाखला कोण देणार? त्याच्यासोबत गेलेल्या मुलांची शाळा सुटते, अंगणवाडीचा आहार सुटतो. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं. कुपोषणाचं मूळ अन्नाइतकंच या स्थलांतरात आणि डोक्यावरच्या हंड्यात आहे, हे तेव्हापासून सांगितलं जातंय.

मुंबईचा नागरिक पाण्याचे पैसे भरतो, धरणही महापालिकेनेच बांधलं, असं यावर म्हटलं जाईल. ते बरोबर आहे, आणि मुंबईतल्या झोपडपट्ट्याही तहानलेल्या आहेत. म्हणूनच माझी मागणी सामान्य मुंबईकराकडे नाही. ती उंचीचं मोल घेणाऱ्यांकडे आणि देणाऱ्यांकडे आहे. मुंबईत जादा चटईक्षेत्र अधिमूल्य भरून मिळतं. तो पैसा महापालिकेच्या आणि शासनाच्या तिजोरीत जातो. त्यातला ठरावीक वाटा पाणलोटातल्या तालुक्यांना कायद्याने मिळायला हवा. तो ग्रामसभांच्या हाती द्यावा आणि त्यातून जलाशयातून पाड्यावर पाणी चढवणारे सौरपंप, झऱ्यांची बांधणी, साठवण टाक्या व्हाव्यात. अतिउंच मनोऱ्याला परवानगी देताना वातानुकूलन आणि शौचालयांसाठी पुनर्वापराचंच पाणी वापरण्याची अट असावी. आणि तिथे राबणाऱ्या प्रत्येक मजुराची नोंदणी मजुराने नव्हे, बांधकाम करणाऱ्याने करून द्यावी.

हे आत्ताच ठरायला हवं, कारण मध्य वैतरणा ही शेवटची भिंत नाही. १९९४ मध्ये डॉ. माधवराव चितळे समितीने मध्य वैतरणेसोबत गारगाई आणि पिंजाळ ही धरणंही सुचवली होती. एकट्या पिंजाळमधून रोज ८६५ दशलक्ष लिटर पाणी अपेक्षित आहे. शहर जितकं वर जाईल, तितकं या डोंगरांकडे मागणं वाढेल. हा पाचव्या अनुसूचीचा प्रदेश आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला तिचं म्हणणं मांडण्याचा अधिकार दिलेला आहे. तिच्यासमोर जाताना जुन्या धरणाचा हिशोब पुरा करून जावं लागेल.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे, मुंबईतल्या कुठल्याही मनोऱ्याहून उंच. तिथली माणसं उंचीला घाबरत नाहीत; मुंबईतल्या उंच इमारती बांधणाऱ्यांत तीही आहेत. नव्या मनोऱ्याच्या शेवटच्या मजल्यावर नळ सुरू होण्याआधी कोचाळ्याच्या टेकाडांवर तो सुरू झाला पाहिजे. एवढा क्रम पक्का करा, आणि मग मनोरा हवा तितका उंच बांधा.