अग्रक्रम आणि कंस

दोन आज्ञा एकाच वेळी समोर आल्या असता आधी कोणती पाळावी, हा प्रश्न केवळ नीतिशास्त्राचा नव्हे. गणितालाही तो सोडवावा लागतो. २ + ३ × ४ याचे उत्तर आपण १४ सांगतो, कारण बेरजेआधी गुणाकार करावा असा संकेत आहे. हा संकेत निसर्गाने घालून दिलेला नाही. स्मॉलटॉक या संगणकभाषेत क्रिया डावीकडून क्रमाने होतात आणि तिथे हेच उत्तर २० येते. केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२ सालच्या ग्रंथातून पुढे आलेल्या एपीएल भाषेत त्या उजवीकडून होतात. अग्रक्रम हा सत्याचा नव्हे, संमतीचा विषय होय.

२६ जुलै १९७९ रोजी राष्ट्रपती सचिवालयाने प्रसिद्ध केलेला अग्रक्रमाचा तक्ता आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. तो समारंभांपुरता आहे, दैनंदिन कारभाराला लागू नाही, असे त्यातच म्हटले आहे. संगणकभाषेतील तक्त्याला ही सवलत नाही. तिथे अग्रक्रम बदलला की निकाल बदलतो.

मग संकेतच सदोष ठरला, तर तो पाळावा की मोडावा? डेनिस रिची १९७२ च्या सुमारास सी भाषा घडवीत असताना हा प्रश्न उभा राहिला. पूर्वी '&' हे एकच चिन्ह संख्यांचे बिट ताडून पाही आणि दोन अटी 'आणि'ने जोडी. दुसऱ्या कामासाठी '&&' हे स्वतंत्र चिन्ह आले. त्यानंतर '&' ला समानता तपासणाऱ्या '==' च्या वर बसविणे उचित होते; परंतु आधी लिहिलेल्या आज्ञावल्या बिघडू नयेत म्हणून ते खालीच राहिले. ते वर नेले असते तर बरे झाले असते, असे रिची यांनी १९९३ च्या निबंधात मान्य केले आहे.

परिणाम पाहा. '६ & १ == ०' असे लिहिणाऱ्याला विचारायचे असते, 'सहाचा शेवटचा बिट शून्य आहे काय?' उत्तर होकारार्थी हवे. परंतु सी भाषा आधी एक आणि शून्य यांची तुलना करते, ती असत्य ठरते, आणि अखेरीस 'नाही' असे उत्तर हाती येते.

आता जीडीबीसारख्या डीबगरला, म्हणजे आज्ञावलीतील दोष शोधणाऱ्या साधनाला, सीच्या नियमाने हीच राशी विचारली, तर तोही शून्यच सांगतो. लिहिणाऱ्याच्या हेतूची त्याला दयामाया नाही. ही निष्ठुरता योग्य आहे काय? माझ्या मते आहे. त्याने अधिक शहाण्या क्रमाने राशी वाचली, तर चौकशीत सारे ठीक दिसेल आणि प्रत्यक्षात दोष तसाच राहील. जे घडायला हवे होते ते सांगणारा साक्षीदार निरुपयोगी होय. मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजीमध्ये तर राशी वाचण्याच्या दोन पद्धती आहेत. '१०' हा आकडा मूळ व्यवस्थेत एका पद्धतीने सोळा ठरतो आणि दुसरीने दहा. तिथे तपासणाऱ्याने प्रथम स्वतःस विचारावे लागते, 'मी कोणाच्या नियमाने वाचतो आहे?' जुनी नस्ती उघडणाऱ्या अधिकाऱ्यालाही हा प्रश्न टाळता येत नाही. निर्णय ज्या दिवशी झाला, त्या दिवशीच्या नियमानेच तो वाचावा लागतो.

मात्र नियम करणाऱ्याचे कर्तव्य निराळे आहे. सदोष संकेतावर थोडेच लोक विसंबून असतात, तोवर तो बदलण्याचे धैर्य त्याने दाखवावे. पुढे विसंबणाऱ्यांची संख्या वाढते आणि चुकीलाही वचनाचे रूप येते. वचन मोडणे न्यायाचे नाही, आणि पाळणे सोयीचे नाही, असा पेच मग पुढील पिढ्यांच्या वाट्याला येतो.

राहिला लिहिणारा. त्याच्या हाती कंस आहे. '(६ & १) == ०' असे लिहिले, की तक्ता पाठ नसलेल्यालाही अर्थ कळतो. नियमानुसार अनावश्यक असलेला कंससुद्धा पुष्कळदा घालावा, असे मला वाटते. आपली बदली झाल्यावर त्याच मेजाशी बसून आपले लिखाण वाचणारा कोणी अपरिचित असतो. त्याला खुलासा विचारायला आपण तिथे नसतो. त्याच्यासाठी एवढे श्रम घेणे आपल्याला जड जाऊ नये.