बोळवण

मराठीतल्या काही शब्दांना दोन तोंडे असतात. 'बोळवण' हा त्यांपैकी एक. माहेरवाशीण सासरी निघाली की तिला साडीचोळी देऊन, ओटीत नारळ घालून तिची बोळवण करतात. आणि हक्काचे काही मागायला आलेल्या माणसाला चार गोड शब्दांवर वाटेला लावले, तर त्याचीही आपण बोळवणच केलेली असते. पहिल्या प्रसंगी देणाऱ्याचे मन भरून आलेले असते. दुसऱ्या प्रसंगी समोरचा माणूस त्याला नकोसा झालेला असतो. हे दोन अर्थ एका शब्दात सुखाने नांदतात याचे नवल वाटायचे कारण नाही. निघालेल्याच्या हातात काही ठेवताना आपल्या मनात प्रेम असते, तसाच आपला काहीतरी हिशेबही असतो. तो हिशेब कोणता, एवढाच प्रश्न आहे.

दिवाळी आली की हा प्रश्न घरोघर उभा राहतो. कारण हल्ली प्रत्येक कुटुंबात एखादा तरी भटक्या असतोच. चार दिवसांची सुटी लागून आली की त्याचे पाय घरात ठरत नाहीत. त्याला ओवाळणी काय द्यावी? पूर्वी अशा माणसाला फिरकीचा तांब्या देत, किंवा वळकटीचे चामडी पट्टे देत. आता दुकानात गेले तर गळ्याभोवती घालायची उशी मिळते, घडी करून खिशात मावणारी पिशवी मिळते, कोणत्याही देशाच्या भिंतीत बसणारा विजेचा प्लग मिळतो. या वस्तूंविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. फिरकीच्या तांब्याने तर अनेकांची तहान भागवली आहे. पण जो माणूस जन्मभर ओझे कमी करायला शिकतो आहे त्याला हौसेने आणखी एक वस्तू द्यायची, आणि वर 'नेलीस की नाही?' म्हणून विचारायचे, यात थोडा जाच आहेच. भेट त्याला दिलेली असते. ती पाठीवर दिसावी ही इच्छा मात्र आपली असते.

या बाबतीत शहाणपण शिकायचे तर मंडणगडाकडे जावे. रत्नागिरी जिल्ह्याचा हा उत्तरेकडचा शेवटचा तालुका. सावित्री ओलांडली की रायगड जिल्हा लागतो. इथल्या लोकांचा निरोप देण्याचा सराव फार जुना आहे. भातशेतीवर वर्ष निघत नाही, म्हणून घरातले कोणीतरी मुंबईला जायचेच. आधी बाणकोटच्या खाडीतून गलबताने, पुढे आगबोटीने, नंतर एस. टी.ने. कोकण रेल्वे 1998 साली धावू लागली, पण तिचे एकही स्थानक या तालुक्यात नाही. इतकी वर्षे माणसे पाठवीत राहिलेल्या मुलखाने निरोपाचे एक शास्त्र बनवले, आणि ते कोकणभर, किंबहुना मराठी मुलखात सगळीकडेच थोडेफार सारखे आहे. निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि उंबऱ्याशी त्याच्या तळहातावर चमचाभर दही घालतात.

हे दही मला सर्व भेटींत शहाणे वाटते. त्याला वजन नाही. ते जपून ठेवता येत नाही. हातावर पडले की चाटून टाकावे लागते. म्हणजे उंबरा ओलांडायच्या आतच भेट संपलेली असते, आणि हात पुन्हा मोकळे होतात. शिदोरीचेही तसेच. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, कोरडी चटणी, एक फडके. चालावे तसे ओझे हलके होत जाते, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत नुसते फडके उरते. दिलेले अन्न चालणाऱ्याच्या अंगात जाते आणि तेच पुढे चालू लागते.

यावर कोणी म्हणेल, की संपून जाणारी भेट ती कसली भेट? आठवण राहावी म्हणूनच तर वस्तू द्यायची. म्हणणे बरोबर आहे; पण आठवण कोणाला हवी असते ते जरा पाहावे.

याच तालुक्यात समुद्रकाठी वेळास नावाचे गाव आहे. नाना फडणविसांचे म्हणून ते पूर्वीपासून ठाऊक होते. अलीकडे कासवांचे म्हणून ठाऊक झाले आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खळगा करून अंडी घालते, आणि मागे न पाहता समुद्रात निघून जाते. ती अंडी पूर्वी खाण्यासाठी पळवली जात. 2002 सालापासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखायला आरंभ केला. अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत पुरतात, दीडदोन महिने पहारा देतात, पिल्ले बाहेर आली की किनाऱ्यावर नेऊन सोडतात. सोडताना मात्र ती थेट पाण्यात ठेवीत नाहीत. थोडे अंतर राखून वाळूवर ठेवतात, आणि ते अंतर पिल्लाने आपल्या पायांनी तोडायचे असते. इतके दिवस राखलेले जीव हात न लावता लाटेत जाऊ द्यायचे, ही मोठी अवघड बोळवण आहे.

पण त्याच किनाऱ्यावर दुसरीही गोष्ट घडली. जानेवारी 2022 मध्ये वेळासला आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे छोटे यंत्र बसवण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावरची असे यंत्र लावलेली ती पहिली ऑलिव्ह रिडले, म्हणून तिचे नाव 'प्रथमा'. ती श्वासासाठी पाण्यावर आली की यंत्र तिचा ठावठिकाणा कळवी. ती उत्तरेला गुजरातच्या बाजूला गेल्याचे त्यावरून कळले. या संशोधनाचे मोल मी कमी लेखत नाही. कासवे कुठे जातात हे कळल्याखेरीज त्यांना वाचवणार कसे? तथापि पाठीवरच्या त्या यंत्राने प्रथमेला पोहायला काही मदत होत नव्हती. त्याचा उपयोग किनाऱ्यावरच्यांना होता, आणि शास्त्रज्ञांनी ते कधी लपवलेही नाही. आपण मात्र लपवतो. महागडा फोन मुलाच्या हातात देतो, त्याला 'तुझ्या प्रवासासाठी' असे म्हणतो, आणि मनात असते ते 'रोज कळव'. काळजी वाटण्यात गैर काहीच नाही. 'मला झोप येत नाही, पोचलास की कळव' असे सरळ सांगावे. ती विनंती आहे. तिला रंगीत कागदात गुंडाळून भेट म्हणू नये.

वस्तू नको, तर पैसे द्यावेत काय? मराठीत यालाही 'वाटखर्ची' हा देखणा शब्द आहे. वाटखर्चीने माणसाचे ओझे वाढत नाही, वाट वाढते. पण तिलाही दोरी बांधता येते. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. आंबेडकर 1913 साली, बाविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. एवढी मोलाची वाटखर्ची त्या काळात क्वचितच कोणी कोणाला दिली असेल. तिच्यासोबत करार होता: शिक्षण झाले की दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी. करारात वावगे काही नव्हते. पैसा संस्थानचा होता. 1917 साली आंबेडकर परतले. त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती, ती जर्मनांनी टॉर्पेडो मारून बुडवली. दिलेला शब्द पाळायला ते बडोद्याला गेले, आणि तिथे त्यांना राहायला जागा मिळेना. कचेरीतले लोक शिवाशिव पाळीत. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. देणारा उदार होता. पण त्याच्या हातातल्या दोरीने ओढून आणलेला माणूस ज्या गावात उतरला, त्या गावाला एक खोली जड झाली. परत येण्याची अट घालणाऱ्याने आपले घर राहण्याजोगे आहे ना, हे आधी पाहायला नको का? पुढे 1920 साली आंबेडकर पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज एवढ्यावर.

आता हातांच्या दुसऱ्या बाजूचे. प्रवाशाने काय आणावे? विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरचे कर्ज फेडावे म्हणून 1857 साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघाले आणि नेमके बंडात सापडले. लुटले गेले, पुन्हा मिळवले, पुन्हा लुटले गेले. ती सगळी हकीकत त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात आहे. ते 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. धन म्हणावे असे फारसे हाती न लागता हा माणूस घरी आला, पण येताना गंगेची कावड खांद्यावरून घेऊन आला आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. शिदोरी हलकी हलकी होत जाते. कावड मात्र शेवटच्या पावलापर्यंत तितकीच जड. मग मी वर ओझ्याविरुद्ध लिहिले ते काय झाले? माझ्या मते फरक इतकाच, की हे ओझे त्यांनी स्वतः उचलले होते. कावड वाटेत सांडली असती, तरी वरसईला कोणी हिशेब मागितला नसता.

हे सोपे नाही. कोकणात गावी येणाऱ्याच्या पिशवीकडे सगळ्या वाडीचे डोळे असतात. पिशवी भरता येत नाही म्हणून येणेच पुढे ढकलणारे, आणि मग ढकलतच राहणारे लोक इथे कमी झाले नाहीत. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो मिटलाच नाही म्हणावे लागेल. त्यानंतर कोकणातले पुष्कळ गिरणीकामगार गावी परतले. ते काही हौसेचे प्रवासी नव्हते. पण त्यांनाही कधीतरी कोणी तळहातावर दही घालून पाठवले होते, आणि 'येतो' म्हणूनच ते निघाले होते. आता ते खरोखरच आले, रिकाम्या पिशव्या घेऊन. अशा वेळी कोणत्या दारात 'काय आणलंस?' असे विचारले गेले, आणि कोणत्या दारात 'पाय धुऊन घे, पान वाढते' एवढेच, ते त्या त्या घराला ठाऊक.