संदेशांचे कप्पे : मांडणी कोणाची?

खासगी संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या अनेक व्यवस्थांत आलेले, पाठवलेले, अर्धवट लिहून ठेवलेले आणि काढून टाकलेले संदेश निरनिराळ्या कप्प्यांत दिसत असले, तरी कप्पा म्हणजे साठवणीची जागा ही समजूत पूर्णांशाने खरी नाही. कप्प्याचे हे चित्र कचेरीतून आले. 1981 मध्ये झेरॉक्स कंपनीने आणलेल्या ‘स्टार’ या संगणकाच्या पडद्यावर कागद, फोल्डर आणि आवक-जावकीचे ट्रे मांडले होते. कागदाला मात्र एक मर्यादा असते. पेशवे दफ्तरातील मोडी कागद ज्या रुमालात बांधला गेला त्याच रुमालात सापडतो, कारण एक वस्तू एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते. संदेशावर असे बंधन नाही, आणि 2004 मध्ये सुरू झालेल्या जीमेलने फोल्डरऐवजी ‘लेबल’, म्हणजे संदेशाला चिकटवलेली खूण, स्वीकारली ती याच कारणाने. तेथे ‘इनबॉक्स’ हीदेखील एक खूणच असल्यामुळे ‘आर्काइव्ह’ केलेला संदेश नष्ट होत नाही. त्याची इनबॉक्सची खूण तेवढी निघते आणि ‘सर्व मेल’मध्ये तो पूर्ववत राहतो.

नावांचा गोंधळही मुळातलाच आहे. मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये स्टॅनफर्ड येथे आखलेल्या ‘आयमॅप’ या नियमसंचाने टपाल सर्व्हरवरच ठेवून ते अनेक यंत्रांवरून वाचण्याची सोय केली; परंतु त्यात ‘इनबॉक्स’ एवढेच नाव ठरलेले असल्याने बाकीचे कप्पे प्रत्येक प्रणाली आपापल्या नावाने उघडू लागली, आणि एकाच खात्यात पाठवलेल्या संदेशांचे दोन-दोन कप्पे दिसू लागले. कोणता कप्पा कशासाठी आहे हे यंत्राला कळावे अशी प्रमाण खूण 2011 मध्ये आली. ‘पाठवलेले’ या कप्प्याबद्दलही गैरसमज रूढ आहेत. प्रत्यक्षात तेथील ईमेल ही पाठवणाऱ्याची स्वतंत्र प्रत असते, म्हणून ती पुसल्याने समोरच्याची प्रत पुसली जात नाही, आणि तिच्या असण्याने संदेश वाचला गेल्याचेही सिद्ध होत नाही.

कप्पे स्वतः पाडणाऱ्यांच्या शिस्तीचे कौतुक होते. पण 2011 मध्येच स्टीव्ह व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईमेलच्या वापराचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जुना संदेश शोधताना अशा शिस्तीचा विशेष लाभ होत नसल्याचे दिसले. वापरणाऱ्याने केलेल्या मांडणीचे महत्त्व शोधसुविधेमुळे असे ओसरत असताना यंत्राने केलेल्या मांडणीचे महत्त्व वाढत गेले, आणि खरा प्रश्न येथे सुरू होतो. फेसबुकने 2010 च्या अखेरीस जाहीर केलेल्या रचनेत ओळखीबाहेरच्यांचे संदेश ‘अदर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात जात. तो कप्पा अस्तित्वात आहे हे अनेकांना फार उशिरा कळले, आणि 2015 मध्ये त्याची जागा ‘मेसेज रिक्वेस्ट’ने घेतली, जिच्यात निदान संदेश आल्याचे सांगून तो स्वीकारण्याचा निर्णय वाचणाऱ्यावर सोपवला जातो. अनोळखी माणसांचा उपद्रव, विशेषतः स्त्रियांना होणारा, पाहता अशी गाळणी आवश्यक आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. मात्र आवश्यक असणे वेगळे आणि अदृश्य असणे वेगळे. जो कप्पा ज्याच्या टपालासाठी आहे त्यालाच ठाऊक नाही, तो व्यवस्था न राहता लपवणूक होतो, मग त्यामागचा हेतू कितीही चांगला असो.

स्पॅमच्या कप्प्याला तर मुदतही असते. जीमेलमध्ये चुकून तेथे गेलेले नोकरीचे बोलावणे किंवा परक्या पत्त्यावरून आलेले नातेवाइकाचे पत्र 30 दिवसांनंतर आपोआप कायमचे पुसले जाते. म्हणून महत्त्वाच्या उत्तराची वाट पाहणाऱ्याने तो कप्पा त्या मुदतीच्या आत स्वतः उघडून पाहावा.